आत्म्यांची पारख : बाबा पदमनजी आणि विवेकाची परंपरा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. आम्ही त्यांना नुसते 'सर' म्हणत असू आणि या भाषणातही मी तेवढेच म्हणणार आहे. सर धर्माने ख्रिस्ती होते, व्यवसायाने मराठीचे शिक्षक होते आणि वृत्तीने परीक्षक होते. परीक्षक हा शब्द मी गुण देणारा या अर्थाने वापरत नाही. कोणतीही गोष्ट स्वीकारण्यापूर्वी ती पारखून घेणारा, या जुन्या अर्थाने वापरतो. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय कोणता, याचा विचार करताना मला हाच विषय सुचला : श्रद्धेच्या वाटेवर फसवणूक कशी होते, आणि तिच्यापासून माणसाने स्वतःला कसे सांभाळावे. सरांचे माझ्यावर या बाबतीत एक जुने ऋण आहे. त्याविषयी शेवटी बोलेन.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. माझा जन्म वारकरी घरातला आणि आजही मी त्याच परंपरेत आहे. मराठी वाङ्मयाचा, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील आत्मचरित्रांचा अभ्यास करताना ख्रिस्ती लेखकांशी माझा संबंध आला. म्हणून हा विषय मी इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे, आणि त्याचे मुख्य उदाहरण आपल्या बेळगावचेच आहे.

१. शब्दाचा उगम

'विवेक' हा शब्द आपल्याला इतका परिचित आहे की त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. 'वि' हा उपसर्ग आणि 'विच्' हा धातू यांतून तो आला. वेगळे करणे हा त्याचा मूळ अर्थ. परंपरेने शके १११० मधला, म्हणजे इसवी सन ११८८ मधला मानला गेलेला मुकुंदराजांचा ग्रंथ 'विवेकसिंधू' याच नावाने ओळखला जातो. म्हणजे मराठी ग्रंथरचनेच्या पहाटेच हा शब्द ग्रंथाच्या माथ्यावर आहे. आता योगायोग पाहा. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत आत्मे ओळखण्याच्या देणगीसाठी जो शब्द आहे तो 'डायक्रिसिस', आणि त्याचाही अर्थ वेगळे करणे असाच आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने सगळ्या गोष्टी पारखून घेण्याचा उपदेश केला, तेव्हा त्याने योजलेले क्रियापद नाणे किंवा धातू कसोटीस लावण्याच्या व्यवहारातले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रातही प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता तो देवाकडून आहे की नाही हे तपासण्याची सूचना आहे. श्रद्धेचा ग्रंथ श्रद्धावंतांना सांगतो आहे की, आधी तपासा. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हे तपासणे म्हणजे काय, हे मी ग्रंथांत वाचण्यापूर्वी निपाणीत पाहिले. माझे वडील तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत कामाला होते. माल आला की वखारीतला जुना पारखी पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मालाकडे बघतही नसे. तो हात खोल घालून मधली मूठ काढी, तळहातावर चोळी, वास घेई, उजेडाकडे धरी. दवाने ओला झालेला माल वजनाला जड भरतो, हे त्याला ठाऊक असे. मी एकदा विचारले, "काका, एवढा वेळ का लावता?" ते म्हणाले, "पोरा, वरची मूठ दाखवायची असते. मधली मूठ खरी असते." आयुष्यभर पुस्तके वाचूनही विवेकाची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

२. जुन्या कसोट्या

ख्रिस्ती मंडळी लहान होती, तिला ना राजाश्रय होता ना मंदिरे, त्या काळातही तिला फसवणुकीची चिंता होती. पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे मानले जाणारे 'डिडाखे' म्हणजे 'शिकवण' नावाचे एक छोटे पुस्तक आहे. त्याचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ साली ते छापले गेले. गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे यांची पारख कशी करावी, याच्या कसोट्या त्यात दिल्या आहेत आणि त्या अगदी व्यवहारी आहेत. आलेल्या प्रेषिताचे स्वागत करावे. तो एक दिवस राहील, गरज असल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने पंगत मांडायला सांगून स्वतःच त्या पंगतीत जेवला, तर तोही खोटा. आणि सत्य शिकवतो पण स्वतः आचरत नाही, तोही खोटाच. यात चमत्काराची कसोटी कुठेही नाही, हे विशेष आहे. माणूस काय दाखवतो यापेक्षा तो काय मागतो आणि कसा वागतो, यावर सारा भर आहे. आपल्या संतांनीही भोंदू बुवांची परीक्षा याच बाजूने केली.

पण फसवणारा नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. तो आतूनही बोलतो, आणि त्याचा आवाज पुष्कळदा आपल्या उत्तम विचारांसारखा असतो. याचा बारकाईने विचार करणारे एक नाव म्हणजे येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने पाहत, तर कधी हाती आलेली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे वाचून तसे जगण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना गोडच वाटत. पण पहिल्यानंतर मन कोरडे पडे आणि दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राही. या फरकाची नोंद घेणे, हा त्यांच्या विवेकशास्त्राचा आरंभ होता. पुढे त्यांनी जे 'आत्मिक साधना' हे पुस्तक रचले त्याला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, आणि त्यात वाईट प्रेरणा चांगुलपणाचे रूप घेऊन कशी येते याचे नियम आहेत.

शाळेच्या व्यासपीठावर सांगण्याजोगी त्यांची एक हकिकत आहे. वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास ते बार्सिलोनात मुलांबरोबर बसून लॅटिन व्याकरण शिकू लागले. शब्द पाठ करायला बसले की त्यांच्या मनात उच्च आध्यात्मिक विचारांची गर्दी होई आणि पाठांतर मागे पडे. दुसरा कोणी असता तर त्याने ही ईश्वरी कृपा मानली असती. त्यांनी मात्र स्वतःला विचारले : प्रार्थनेला बसतो तेव्हा हे विचार येत नाहीत, मग व्याकरणाच्या वेळीच का येतात? हा मोह आहे, असे त्यांनी ओळखले. शिक्षकांपाशी जाऊन कबूल केले आणि दोन वर्षे एकही तास न चुकवण्याचे वचन दिले. ज्याला अभ्यासाच्या वेळी देशसेवेचे विचार सुचतात, अशा प्रत्येक विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

३. गोव्याची वाट

ही साधनेची परंपरा आपल्या भाषेत आली ती याच येशूसंघाच्या वाटेने. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परक्या धर्माची कथा इथल्या श्रोत्यांना त्यांच्याच छंदात, त्यांच्याच भाषेत सांगितली गेली. ऐकणाऱ्याला कळेल, प्रश्न विचारता येतील, अशा रूपात ती आली.

परंतु त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय होते आणि मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. तिथेही माणसांच्या श्रद्धेची परीक्षाच होत असे. पण ती परीक्षा सत्तेची होती. जिथे चुकीच्या उत्तराला शिक्षा असते, तिथे माणूस सत्य शोधत नाही. सुरक्षित उत्तर शोधतो. घरात एक आणि बाहेर एक, असे दुहेरी जीवन त्यातून जन्मते. पारख आणि पाळत यांत हाच फरक आहे. पारख माणसाला उघडे करते, पाळत त्याला लपायला शिकवते. पुढे बेळगावचा इतिहास पाहताना हा फरक आपल्याला पुन्हा उपयोगी पडेल. फक्त तिथे भीती न्यायालयाची नसेल, जातीची असेल.

४. बेळगावचा मुलगा

बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० साली सुरू झाले. या मिशनला आरंभापासून कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत काम करावे लागले. सीमाभागाचे हे भागधेय तेव्हापासूनचे आहे. त्यांनी इथे इंग्रजी शाळा काढली. आजचे बेनन स्मिथ हायस्कूल त्याच परंपरेतले. १९०४ साली लंडन मिशनने बेळगावचे काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवले. दरम्यान १८५६ पासून येशूसंघीयांचे सेंट पॉल्स हायस्कूलही इथे उभे राहिले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या छावणीच्या गावात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही परंपरा आपापल्या शाळा चालवीत होत्या.

याच गावात १८३१ साली बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म झाला. घराणे कासाराचे. मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले, पुढे ते मुंबईला गेले आणि तिथे फ्री चर्चच्या शाळेत शिकले. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो मुंबईत नव्हे, बेळगावात. १८५७ साली त्यांची 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या स्थितीवरील कादंबरी प्रसिद्ध झाली; तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. १८८८ साली त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' बाहेर आले आणि १९०६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निर्णयाचे मोल कळण्यासाठी त्या काळचे वातावरण ध्यानात घ्यावे लागते. १८३९ साली मुंबईत दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहर हादरले. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचा ताबा न्यायालयाने वडिलांकडे दिला. त्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. या प्रत्येक प्रसंगी समाजाचा आरोप एकच होता : मुलांना फसवून बाटवले. मिशनरी म्हणत, ही त्यांची स्वतःची खात्री आहे. मग खरे काय? फसवणूक आणि खात्री यांतली रेषा कोण आखणार? न्यायालय वय मोजू शकते, मन मोजू शकत नाही. म्हणून ज्याचे मन बदलले त्यानेच, कालांतराने, शांतपणे, आपले मन कसकसे बदलले हे लिहून ठेवले असेल, तर त्या पुराव्याचे मोल फार मोठे ठरते. 'अरुणोदया'चे ऐतिहासिक महत्त्व मला इथे वाटते.

पुस्तकाचे नावच बोलके आहे. मनःपरिवर्तन म्हटले की आपल्याला वीज चमकल्यासारखा प्रसंग आठवतो. बाबांनी मात्र पहाटेचे नाव दिले. पहाटेचा नेमका क्षण सांगता येत नाही; अंधार केव्हा संपला हे उजाडल्यावर कळते. लहानपणची व्रते, उपास, देवपूजा यांत ते मनापासून रमले होते. त्या श्रद्धेवर प्रश्न उठले ते एका दिवसात उठले नाहीत आणि एका दिवसात सुटलेही नाहीत. वाचन, चर्चा, शंका, माघार आणि पुन्हा वाचन, अशी ही कित्येक वर्षांची वाट आहे. ज्याला कोणी फसवतो त्याला घाई केली जाते. घाई नसणे, हे त्या वाटेवरचे पहिले आश्वासक लक्षण होय.

५. गुप्त सभा आणि उघडा निर्णय

या वाटेवर एक मुक्काम असा आहे की तिथे बाबा सहज थांबू शकले असते. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिचे मार्गदर्शक. एकच ईश्वर मानावा, मूर्तिपूजा आणि जातिभेद मानू नयेत, ही तिची तत्त्वे. सभासद होताना परजातीच्या हातचे खाऊन जातिबंधन मोडल्याची खूण द्यावी लागे. दादोबांचे 'धर्मविवेचन' हे पुस्तकही त्याच विचारांतले. बुद्धीला पटणारे, अंधश्रद्धा नाकारणारे, आणि त्या काळाच्या मानाने विलक्षण धाडसी असे हे सारे होते. बाबा पदमनजी या सभेत सामील झाले होते.

पण सभा गुप्त होती. बंद दाराआड जातिभेद मोडायचा आणि दाराबाहेर पडताच तो पाळायचा, असा तिचा व्यवहार होता. त्यामागची भीती खोटी नव्हती. बहिष्कार म्हणजे काय ते त्या पिढीला पुरते ठाऊक होते. वारसाहक्काचे संरक्षण देणारा कायदा १८५० साली झाला खरा. पण पाणवठ्याचे, पंगतीचे आणि लग्नाचे संरक्षण कोणत्याही कायद्याने मिळत नव्हते. म्हणून मी त्या सभासदांना भेकड म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की, लपवलेल्या सत्याची पारख होऊ शकत नाही. कोणी विरोध केला नाही, कोणी प्रश्न विचारला नाही, आणि किंमत मोजावी लागली नाही, तर आपली खात्री किती खोल आहे हे आपल्यालाच कळत नाही. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. १८६७ साली प्रार्थना समाज निघाला तेव्हा जुन्या सभासदांपैकी काही जण त्यात आले, पण आता काम उघडपणे चालू झाले. सभेने अनुभवाने घेतलेला धडाच तो होता.

बाबांनी आपला निर्णय उघड केला, आणि तोही जन्मगावी. मुंबईत, जिथे आपल्याला फारसे कोणी ओळखत नाही तिथे, हे करणे सोपे गेले असते. बेळगावात प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी आप्त होता. घर दुरावण्याची आणि जात तुटण्याची किंमत डोळ्यांसमोर दिसत होती. या निर्णयाशी सहमत व्हावे असे मी म्हणत नाही. मी स्वतः तो घेतलेला नाही. परंतु फसलेला माणूस आणि निर्णय घेतलेला माणूस यांतला फरक ओळखायचा असेल तर ही तीन लक्षणे पाहावीत : त्याने वेळ घेतला का, त्याने गोष्ट उजेडात केली का, आणि त्याला त्यातून मिळाले अधिक की गमवावे लागले अधिक. कासार भांडे देण्यापूर्वी वाजवून देतो आणि गिऱ्हाईकही वाजवून घेते. बाबांनी आपली श्रद्धा भर बाजारात वाजवून घेतली.

६. परीक्षकाचीही परीक्षा

इथेच थांबलो तर माझे व्याख्यान गौरवपर होईल आणि सरांना ते आवडले नसते. बाबांनी दुसऱ्यांच्या श्रद्धांना जी कसोटी लावली, ती नेहमीच समतोल होती असे नाही. हिंदू देवतांविषयीचे त्यांचे लेखन आज वाचताना एकांगी वाटते. कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना करताना त्यांनी एकाकडे वकिलाच्या दृष्टीने पाहिले आणि दुसऱ्याकडे भक्ताच्या. आपल्या वाटेविषयीची खात्री दुसऱ्याच्या वाटेविषयीच्या अवज्ञेत उतरली की विवेकाचा तराजू एका बाजूला कलतो. विजय मिळाल्यावर सावध राहणे हे पराभवात सावध राहण्यापेक्षा कठीण असते.

त्या काळात याहून निकोप असा एक प्रसंगही घडला. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. शेकडो लोक ऐकायला जमत. मिशनऱ्यांच्या बाजूने जॉर्ज बोवेन हे प्रमुख होते. या गृहस्थाने मिशनकडून पगार घेणे सोडून दिले होते आणि देशी वस्तीत फकिरासारखे राहणे पत्करले होते. त्यामागचा विचार उघड आहे : ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याच्या हेतूविषयी शंका राहू नये. 'डिडाखे'तली कसोटी त्यांनी स्वतःहून स्वतःला लावली. वादात कोण जिंकले हे दोन्ही पक्ष आपापल्या परीने सांगतात. पण उघड्या आकाशाखाली, कोणाच्याही हाती दंडसत्ता नसताना, दोन धर्मांनी एकमेकांना प्रश्न विचारले, हाच त्या किनाऱ्यावरचा खरा विजय होता.

आतल्या फसवणुकीपासून सावध राहण्याची उदाहरणे पुढच्या पिढीत स्त्रियांनी दिली, हे मुद्दाम सांगायला हवे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट केले की, केवळ चर्च सांगते म्हणून मी एखादे मत मान्य करणार नाही. सद्सद्विवेक माझा आहे आणि तो मी दुसऱ्याच्या स्वाधीन करणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांनी स्वतःलाच तपासले आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली १९०७ च्या आपल्या निवेदनात दिली. धर्मांतर केलेल्या, जगभर नाव झालेल्या बाईने असे लिहावे याला फार मोठे धैर्य लागते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण वेगळे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पतीमागून पत्नीने जावे ही तेव्हाची रीत. पण लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. त्यांनी जवळजवळ पाच वर्षे घेतली आणि १९०० साली, स्वतःला पटल्यावर, बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' हसतखेळत वाचली जातात, म्हणून त्यांतली ही कणखर विवेकबुद्धी आपल्या नजरेतून निसटते. ज्याच्यावर आपले सर्वाधिक प्रेम आहे त्याचे मतही पारखून घ्यायचे, आणि तसे करताना प्रेम कमी होऊ द्यायचे नाही, हा धडा कोणत्याही धर्मातल्या संसारी माणसाला उपयोगी आहे.

७. एक अर्ज

आता सरांच्या ऋणाविषयी.

१९६५-६६ चा सुमार असेल. मी या शाळेत वरच्या वर्गात होतो. माझ्या वर्गातला एक गरीब मुलगा रोज संध्याकाळी सरांच्या घरी जाऊ लागला. त्याची फी सरांनी भरली, त्याला नवी पुस्तके मिळाली. गावात कुजबुज सुरू झाली की, सर पोराला बाटवणार. काही मोठ्या माणसांनी संस्थेकडे अर्ज द्यायचे ठरवले. माझे अक्षर चांगले होते, म्हणून अर्ज मी लिहिला. सांगणाऱ्याने सांगितले ते सर्व लिहिलेच, पण 'आम्ही समक्ष पाहिले आहे' हे वाक्य मी माझ्या पदरचे घातले. त्याशिवाय अर्जाला वजन येणार नाही, असे मला वाटले. ओला माल जड भरतो, हे वखारीत शिकलेला मुलगा मी!

चौकशी झाली. मुलाची आई अंथरुणाला खिळली होती. घरात चूल पेटत नव्हती. तो सरांच्या घरी जेवायला आणि अभ्यासाला जात होता, एवढेच निघाले. प्रकरण मिटले. त्यानंतर एके दिवशी शाळा सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतले. अर्ज त्यांच्या टेबलावर होता. वर्षभर माझ्या वह्या तपासणाऱ्या माणसाला माझे अक्षर ओळखायला किती वेळ लागणार? ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, त्या मी दुरुस्त केल्या आहेत. तिसरी चूक मला दुरुस्त करता येत नाही. 'ऐकले आहे' असे हवे होते तिथे तू 'पाहिले आहे' असे लिहिलेस. ती तुलाच दुरुस्त करावी लागेल."

त्यांच्या कपाटात 'अरुणोदया'ची एक प्रत होती. मी शरमेने, काहीतरी बोलायचे म्हणून, ती वाचायला मागितली. सर म्हणाले, "आता नाही. तू माझा विद्यार्थी आहेस, आणि आज तर तू माझ्यापुढे मान खाली घालून उभा आहेस. अशा वेळी मी दिलेले पुस्तक तू मोकळ्या मनाने वाचणार नाहीस. शाळा सोडून गेलास, कमवायला लागलास, आणि तेव्हाही वाटले, तर माग." विवेकाची एवढी नाजूक जाणीव मी त्यानंतर फार थोड्या माणसांत पाहिली. आपल्या शब्दाचे वजन समोरच्याच्या दुबळेपणामुळे वाढत असेल तर तो शब्दच मागे घ्यायचा. ज्याच्यावर फसवणुकीचा आरोप झाला होता, तो माणूस असा होता.

मी सात वर्षांनी ते पुस्तक मागितले. त्यांनी ते दिले आणि त्यातूनच माझ्या प्रबंधाचा विषय निघाला. मी ख्रिस्ती झालो नाही. सरांनी त्याविषयी कधी विचारलेही नाही.

आज काळ बदलला आहे. ऐकलेले पाहिले म्हणून सांगायला आता अर्ज लिहावा लागत नाही. मोबाइलवर बोट टेकले की पुरते. आजार बरे करण्याची हमी देणारे, देवाच्या नावाने पैसे उकळणारे, दुसऱ्या धर्माविषयी द्वेष पसरवणारे संदेश सर्व धर्मांत फिरत आहेत. त्यांना रोखणारे यंत्र कधी निघेल ते निघो. तोवर आपल्या हाती जुन्याच कसोट्या आहेत : मधली मूठ काढून बघा, सांगणारा काय मागतो ते बघा, घाई कोण करतो आहे ते बघा, आणि सगळ्यांत शेवटी, म्हणजे खरे तर सगळ्यांत आधी, मला हे खरे असावे असे का वाटते आहे, हे स्वतःला विचारा. कारण त्या अर्जातले खोटे वाक्य मला कोणी सांगितले नव्हते. ते माझे मीच रचले होते, आणि रचताना मी धर्माचे रक्षण करतो आहे अशी माझी खात्री होती.

माझ्या वर्गातील काही मित्र आज समोर बसले आहेत. तो अर्ज कोणी लिहिला, याविषयी त्या वर्षी पुष्कळ तर्क झाले आणि एका निरपराध मुलावर संशयही घेतला गेला. सरांना माहीत होते. त्यांनी अखेरपर्यंत कोणालाही सांगितले नाही. मित्रहो, ते अक्षर माझे होते. तिसरी चूक दुरुस्त करायला मला जवळजवळ साठ वर्षे लागली.